फोटो काढू नका, ताई

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही बेळगावातल्या वडगावचे. घरचे चार पावरलूम आहेत, हे आणि मी मिळून बघतो. मुलगा वीस वर्षांचा, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. पहिल्या वर्षी दोन विषय राहिले तेव्हा दोन महिने खोलीतून बाहेर येत नव्हता. त्यानंतर त्याला एका इंग्रजी गाणाऱ्याचं वेड लागलं, फ्रेडी मर्क्युरी नावाचा. तो माणूस जाऊनही तीस वर्षं उलटली. मुलानं त्याच्यासारख्या मिशा ठेवल्यात. देवघराशेजारच्या भिंतीवर त्याचा फोटो लावलाय. २४ नोव्हेंबरला फोटोपुढं मेणबत्ती लावून दिवसभर जेवला नाही. रात्री माग बंद झाले की मागाच्या खोलीत जाऊन बेंबीच्या देठापासून गातो, सकाळी घसा बसलेला. तिघं मिळून बँड काढणार म्हणतो. एक कानडी, एक कॅम्पातला ख्रिश्चन आणि हा. कीबोर्डला पैसे मागतोय आणि कॉलेज सोडून बेंगळुरूला जायचं डोक्यात आहे. ह्यांचा पारा चढलाय. दीर म्हणतात, आधीच इथं मराठी टिकवायची मारामार, त्यात हा इंग्रजी गाणार. त्यात कुणीतरी मोबाइलवर दाखवलं की तो माणूस पुरुषांबरोबर राहायचा आणि एड्सनं गेला. मला घामच फुटला. परवा फोटो काढायला गेले तर हात धरून म्हणाला, "आई, गेल्या साली ह्यो माणूस नसता तर मी पण नसतो." मी गप्पच झाले. फोटो काढू का राहू दे?

एक आई, वडगाव

उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रात काळजीच्या गोष्टी बऱ्याच आहेत, पण मी अडकले ती त्या एका वाक्यावर. "ह्यो माणूस नसता तर मी पण नसतो." हे ऐकून आईच्या पोटात गोळा येणारच, तोंडातून शब्द न फुटणं स्वाभाविक आहे. पण आता बोला, आणि बाकी सगळ्याच्या आधी हे बोला. माग बंद असताना, कांड्या भरता भरता विचारा. या वयाची मुलं समोरासमोर बसवून विचारलं की मिटून घेतात, हात कामात असले की बोलतात. विचारायचं ते सरळ विचारा: "गेल्या साली तुला जीव नकोसा झाला होता काय रे? आता कसं वाटतंय?" असं विचारल्यानं नसतं ते डोक्यात शिरतं, ही भीती मनातून काढून टाका. उलट, आईला हे झेपतंय एवढं कळलं तरी मुलाचं ओझं हलकं होतं. तो रडला तर रडू दे. लगेच समजूत घालू नका, "तुला काय कमी आहे" हे तर म्हणूच नका.

अजूनही तसे विचार येतात असं म्हणाला, किंवा पुन्हा खोलीत कोंडून घ्यायला लागला, तर वाट बघू नका. मनाच्या त्रासासाठी टेली-मानस या सरकारी सेवेचा नंबर १४४१६ आहे, चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत. आपल्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर आहेत, आणि धारवाडची डिम्हान्स ही संस्था तर याच कामासाठी आहे. ताप आला की दवाखान्यात नेतो तसंच न्यायचं. गाण्यानं त्याला त्या दोन महिन्यांतून बाहेर काढलं हे मला शंभर टक्के खरं वाटतं, पण सगळा भार एकट्या गाण्यावर टाकू नये.

आता फोटो. काढू नका. का, ते सांगायला मला जरा लांबून यावं लागेल, कारण तुमच्या भिंतीवरचा माणूस तुम्हाला वाटतो तितका परका नाही.

त्याचं खरं नाव फारोख बलसारा. पारशी, आईवडील मूळचे गुजरातकडचे. वडील इंग्रजांच्या नोकरीत झांझिबारला होते, तिथं ५ सप्टेंबर १९४६ ला तो जन्मला. वयाच्या आठव्या वर्षी त्याला शिकायला पाठवलं ते पाचगणीला, सेंट पीटर्स शाळेच्या बोर्डिंगात. म्हणजे आपल्या हायवेनं निपाणी, कोल्हापूर, कराड, सातारा करत गेलं आणि वाईचा घाट चढला की येतं ते पाचगणी. आईवडील समुद्रापलीकडं आणि हा एवढासा पोरगा तिथं. दात पुढं होते, जबड्यात चार दात जादाचे, त्यावरून मुलं चिडवायची. तिथंच पियानो शिकला, तिथंच बाराव्या वर्षी चार दोस्तांबरोबर पहिला बँड काढला. फ्रेडी हे नावही त्या शाळेतलंच. पुढं झांझिबारला परत गेला, पण १९६४ मध्ये तिथं क्रांती झाली, कापाकापी झाली आणि हे कुटुंब जीव घेऊन इंग्लंडला पळालं. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा, लंडनजवळ विमानांच्या आवाजात नवं घर. विमानतळावर सामान उचललं, मित्राबरोबर बाजारात जुने कपडे विकले. दातांवर उपचार पैसे आल्यावर सहज करता आले असते, पण आवाज बदलेल या भीतीनं त्यानं ते शेवटपर्यंत तसेच ठेवले. ज्यावरून चिडवत होते तेच तोंड उघडून हजारोंपुढं गायला.

दोन विषय राहिले म्हणून खोलीत बसलेल्या मुलाला या माणसात काय दिसलं असेल, याचा विचार करा. घरात एरवी लाजाळू असणारा, रूपानं वेगळा, गावाला परका असा एक जण स्टेजवर चढतो आणि जराही बिचकत नाही. १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्बली मैदानावर इथिओपियातल्या दुष्काळासाठी मोठा कार्यक्रम झाला. क्वीनच्या, म्हणजे फ्रेडीच्या चौघांच्या बँडच्या, वाट्याला वीस-एक मिनिटं आली. सत्तर हजारांवर माणसं होती. दोन गाण्यांच्या मध्ये तो नुसती एक तान घेतो आणि सगळं मैदान ती परत म्हणतं. आणखी एक घेतो, तीही परत येते. भजनात बुवा चरण सोडतात आणि टाळकरी उचलतात ना, तस्सं. मुलाला सांगा तेवढाच तुकडा लावायला. इंग्रजीची गरज नाही, त्यात शब्दच नाहीत.

पण मला तुम्हाला आणि त्यालाही दाखवायचंय ते त्या वीस मिनिटांच्या आधीचं. त्या वीस मिनिटांसाठी या चौघांनी लंडनमधलं एक नाट्यगृह घेऊन घड्याळ लावून तालीम केली. तोवर चौदा-पंधरा वर्षं एकत्र वाजवत होते, जगभर नाव होतं, तरी. १९७५ च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या त्यांच्या गाण्यात मधेच गायकांचा जो मोठा ताफा ऐकू येतो तो ताफा नाहीच. तिघंच जण दिवसाला दहा-बारा तास गात राहिले आणि आवाजावर आवाज चढवत गेले, एकशे ऐंशीच्या आसपास थर झाले असं सांगतात. त्या एका भागाला तीन आठवडे लागले. गाणं जवळजवळ सहा मिनिटांचं, रेडिओवर कोण लावणार म्हणून लोकांनी वेड्यात काढलं. इंग्लंडात ते नऊ आठवडे पहिल्या नंबरावर राहिलं. मुलानं हा माणूस भिंतीवर लावलाय तर त्याची ही मेहनतही बघायला हवी, आणि ते तुम्हीच त्याला म्हणायला हवं. ह्यांनी म्हटलं तर भांडण होईल.

मिशा आणि मेणबत्तीची मला अजिबात चिंता वाटत नाही. फ्रेडी स्वतः कुणाचा भक्त होता माहीत आहे? जिमी हेन्ड्रिक्स नावाच्या अमेरिकन गिटारवाल्याचा. कॉलेजात असताना त्याची चित्रं काढायचा, कार्यक्रमांच्या मागं फिरायचा. १८ सप्टेंबर १९७० ला हेन्ड्रिक्स गेला, तेव्हा फ्रेडी आणि त्याच्या मित्रानं कपड्यांचा स्टॉल बंद ठेवला. हातातोंडाशी गाठ असताना एक दिवसाचा धंदा सोडला! तुमच्या मुलाचा २४ नोव्हेंबरचा उपास आणि हा बंद स्टॉल यात मला काडीचा फरक दिसत नाही. फरक पडतो तो पुढं. फ्रेडीनं हेन्ड्रिक्सची नक्कल करण्यात जन्म घालवला नाही. तो पियानोवर बसला, ऑपेरा ऐकला, आणि हेन्ड्रिक्सला कधी सुचलं नसतं असं काहीतरी केलं.

हेच आपल्या मातीतलं हवं असेल तर सुळेभावीला जा, लांब नाही. तिथल्या कोमकळींच्या घरात ८ एप्रिल १९२४ ला शिवपुत्र जन्मला. हा पोरगा मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून जशाच्या तशा गाऊन दाखवायचा, तान आणि हरकतसुद्धा. लोक तोंडात बोटं घालायचे. नक्कलच होती ती, अस्सल नक्कल. मग मुंबईत बी. आर. देवधरांकडे शिकायला गेला, आणि नकलेतून हळूहळू कुमार गंधर्व बाहेर आले. पुढं क्षयानं एक फुप्फुस निकामी केलं तेव्हा आहे त्या श्वासात बसेल असं गाणं त्यांनी नव्यानं उभं केलं. म्हणून म्हणते, तुमचा मुलगा आज दुसऱ्याच्या आवाजात गातोय ते गाऊ दे. पण त्याला आता देवधर पाहिजे. गुरू पाहिजे.

हे मी गमतीनं म्हणत नाही. पत्रातली मला खटकलेली गोष्ट बसलेला घसा आहे. मागाच्या खोलीत दिवसभराची सुताची धूळ, त्यात रात्री शिकवणीशिवाय वरच्या पट्टीत ताणून गाणं, हे गळ्याचं वाटोळं करणारं आहे. फ्रेडीच्या स्वतःच्या स्वरयंत्रावर गाठी आल्या होत्या, ऐन कार्यक्रमांच्या काळात त्याला त्रास व्हायचा, वर सिगारेटी. ते सगळं उचलायची गरज नाही. मुलाला आधी मागाच्या खोलीतून बाहेर काढा, गच्चीवर गाऊ दे. तीन आठवडे आवाज मोकळा झाला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. आणि बेळगावात शास्त्रीय गाणं शिकवणाऱ्यांची कमी नाही, आठवड्यातून दोनदा त्याला पाठवा. रॉक गायचं आणि खर्ज लावायला शिकायचं यात भांडण नाही. श्वास कुठून घ्यायचा हे दोन्हीकडे सारखंच. फ्रेडीनं १९८८ मध्ये मोन्सेरात काबाये या स्पेनच्या ऑपेरा गायिकेबरोबर अख्खा अल्बम केला, आणि तिच्या आवाजाचा तो भक्त होता.

कॉलेजबद्दल मी तुमच्या बाजूनं आहे. सोडू देऊ नका. पण "गाणं गाऊन पोट भरतं काय" हे वाक्य त्यासाठी वापरू नका, त्याला ते पाठ झालं असेल. त्याला त्याच्याच बँडचं उदाहरण द्या. फ्रेडीनं चित्रकलेच्या कॉलेजातून ग्राफिक डिझाइनचा डिप्लोमा पुरा केला, बँडचं बोधचिन्ह त्यानंच काढलं. ड्रम वाजवणारा रॉजर टेलर जीवशास्त्राचा पदवीधर. बेसवाला जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा, तोही पहिल्या वर्गातला. बँडचा एक अँप्लिफायर त्यानं स्वतः बनवला, तेव्हा शिकलेलं वाया गेलं नाही. गिटारवाला ब्रायन मे खगोलशास्त्रात पीएच.डी. करत होता, बँड चालला म्हणून ती अर्धवट राहिली, आणि साठाव्या वर्षी, २००७ मध्ये, परत जाऊन त्यानं ती पुरी केली. चौघांपैकी कुणी शिक्षणाला नाक मुरडलं नाही. बी.कॉम.चे राहिलेले दोन विषय काढ आणि तिसरं वर्ष पुरं कर, मग बेंगळुरूला जा, आम्ही स्टेशनवर सोडायला येतो, असं दोघांनी मिळून सांगा. बेंगळुरूत रॉकला दाद देणारे लोक आहेत, त्याचं तिकडं ओढलं जाणं चुकीचं नाही. घाई तेवढी चुकीची आहे. तोवर कॉलेजचं गॅदरिंग आहे, गणपतीत मंडळं आहेत. वडगावातल्या माणसांना जागेवर धरून ठेवता आलं तर बेंगळुरूची माणसं अवघड नाहीत.

आता ज्यानं तुम्हाला घाम फुटला ते. होय, फ्रेडीचे पुरुषांशी संबंध होते, आणि एड्समुळे २४ नोव्हेंबर १९९१ ला तो गेला, पंचेचाळिसाव्या वर्षी. आदल्या दिवशी त्यानं आपल्याला हा आजार असल्याचं जाहीर केलं. एखाद्याचं गाणं आवडल्यानं कुणी त्याच्यासारखं होत नाही, ताई. आणि उद्या तुमच्या मुलानं स्वतःबद्दल असं काही सांगितलं तरी तो तुमचाच मुलगा असेल. कायद्यानं तो गुन्हा नाही, सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्येच ते सांगून टाकलंय. राहिला आजार. आपल्या जिल्ह्यानं आणि शेजारच्या बागलकोटनं हा आजार गावोगाव पाहिलाय. कितीतरी बायका नवऱ्यामुळं यात सापडल्या, त्यांना घराबाहेर काढलं गेलं. त्या बायकांना आपण वाईट म्हणणार काय? फ्रेडी गेला तेव्हा चांगलं औषध नव्हतं. औषधांचं मिश्रण करून आजार रोखता येतो हे १९९६ च्या सुमाराला हाती आलं. आज सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात आणि माणूस संसार करतो. फ्रेडी आजारी असताना स्टुडिओत उभं राहवत नव्हतं तरी गात होता, हे मुलाला ठाऊक असणार. मेणबत्ती त्यासाठी असेल. एकदा विचारा त्याला.

दिरांना माझा नमस्कार सांगा. मराठीची काळजी मलाही आहे, आपल्या भागात ती कुणाला नाही? पण गाण्याच्या बाबतीत हा मुलूख कधी दारावर भाषा विचारत बसला नाही. कुमारांच्या घरात कन्नड होती, भीमसेन जोशी गदगचे, आणि त्यांच्या अभंगांशिवाय आपल्याकडे आषाढी होत नाही. दिरांना आणखी एक सांगा. १९८६ च्या जुलैमध्ये क्वीननं हंगेरीत, बुडापेस्टला कार्यक्रम केला. फ्रेडीनं तिथलं एक लोकगीत त्यांच्याच भाषेत म्हटलं. शब्द पाठ होईनात म्हणून तळहातावर लिहून आणले होते, हात बघून गात होता. तोंडातून पहिली ओळ निघाली आणि सगळं स्टेडियम गायला लागलं. मराठी मुलाला तर तळहाताचीही गरज नाही. त्याच्या बँडमध्ये तीन भाषांची पोरं आहेत. तुम्ही जात्यावरची एखादी ओवी, आजीकडून आलेली, त्याला शिकवा आणि म्हणा, तुझ्या बँडमध्ये हे बसवून दाखव. कानडी मित्राच्या आईकडून एक घ्यायला सांगा. हे बसलं तर दीर स्वतः मंडळाचं स्टेज मिळवून देतील अशी मला आशा आहे.

मुलाच्या वडिलांना तुम्ही समजावू नका, मुलालाच समजावू दे. एका रविवारी, वीज गेलेली असताना किंवा माग बंद ठेवून, तिघं बसा. मुलानं एक गाणं लावायचं, त्यात काय म्हटलंय ते मराठीत सांगायचं, आणि गेल्या साली ते ऐकून त्याला काय झालं तेही. वडिलांनी मध्ये बोलायचं नाही, एवढंच कबूल करून घ्या. पावरलूम चालवणाऱ्याचा कान तालाला पक्का असतो, एक मागसुद्धा ठोका चुकला की त्यांना लगेच कळतं. दोनदा पाय आपटून एकदा टाळी, हा क्वीनचा ठेका क्रिकेटच्या मॅचमध्ये त्यांनी ऐकलेला असणारच. ते ओळखतील.

कीबोर्ड घेऊन द्या. तो मार्कांना बांधू नका. बेंगळुरू पदवीला बांधा, कीबोर्ड नको, कारण ज्यानं मुलाला उठवून बसवलं तेच परीक्षेचं बक्षीस करून टाकलं आणि पुन्हा एखादा विषय राहिला तर त्याच्या हातात काहीच उरणार नाही. नवा नको, वापरलेला चालतो. घेताना कॅम्पातल्या त्या मित्राला बरोबर न्या, चर्चमध्ये वाजवत असेल तर त्याला कळतं. एकसष्टपेक्षा कमी पट्ट्यांचा घेऊ नका, आणि दुकानातून निघण्याआधी प्रत्येक पट्टी, पांढरी नि काळी, एकेक करून दाबून बघा.